पोर्तो रिको ते गोरेगाव : एका लॅटिन चालीचा प्रवास

१९५० साली पडद्यावर आलेल्या ‘समाधी’ या हिंदी चित्रपटातील ‘गोरे गोरे’ हे गाणे मुंबईत घडलेल्या लॅटिन धाटणीच्या गाण्यांमधले पहिले मोठे यश मानता येते. शब्द राजेंद्र कृष्ण यांचे, संगीत सी. रामचंद्र यांचे, आवाज लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचे. चित्रपट गोरेगावच्या फिल्मिस्तान स्टुडिओचा, दिग्दर्शक रमेश सैगल, नायक अशोककुमार आणि विषय आझाद हिंद सेनेचा. कथेत नलिनी जयवंत आणि कुलदीप कौर या लिली आणि डॉली डिसूझा नावाच्या नर्तकी बहिणी आहेत आणि हे गाणे त्या दोघींवर चित्रित झाले आहे. देशभक्तीच्या गंभीर कथेत हा नाच कसा बसायचा, हा प्रश्न त्या काळच्या प्रेक्षकाला पडला नसावा. ‘समाधी’ त्या वर्षीच्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांत गणला गेला आणि त्याचे नाव घेतले की आधी आठवू लागले ते हेच गाणे.

गाण्याच्या मुखड्याची चाल अमेरिकेतून आली होती. १९४५ च्या अखेरीस ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने ‘डॉल फेस’ नावाचा संगीतपट काढला. त्यात कार्मेन मिरांडा यांच्या तोंडी ‘चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको’ हे गाणे होते. त्याचे संगीतकार जिमी मॅकह्यू आणि गीतकार हॅरॉल्ड अ‍ॅडमसन हे दोघेही अमेरिकन. मिरांडा यांचा जन्म १९०९ साली पोर्तुगालमध्ये झाला, त्या वाढल्या ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोत आणि १९३९ मध्ये न्यू यॉर्कला आल्या. डोक्यावर फळांचा टोप, हातभर बांगड्या आणि तोंडात अतिशय वेगाने फिरणारे शब्द ही त्यांची ओळख. दुसऱ्या महायुद्धाने हॉलिवूडची युरोपातली बाजारपेठ बंद झाली होती आणि दक्षिण अमेरिकेतील देशांशी सलोखा हे अमेरिकी सरकारचे धोरण होते. त्यामुळे त्या वर्षांत तिथल्या पडद्यावर सांबा, रुंबा आणि काँगा यांची रेलचेल झाली. ‘चिको चिको’ हे त्या लाटेतले एक गाणे. त्यात खरे पोर्तो रिको किती आणि अमेरिकन गीतलेखकांनी कल्पिलेले किती, याचा हिशेब केला तर दुसरी बाजू जड भरेल.

अमेरिकेत रेकॉर्डच्या खपाची मोजणी तेव्हा सुरू झालेली होती. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने जुलै १९४० पासून देशभरातील दुकानांतून आकडे गोळा करून खपाची क्रमवारी छापायला सुरुवात केली होती. ‘डॉल फेस’मधले जे गाणे त्या यादीत वर चढले ते पेरी कोमो यांचे, वेगळेच होते. मायदेशी मागे पडलेल्या ‘चिको चिको’ला खरा जनमानसातला मुक्काम मिळाला तो चार-पाच वर्षांनी, मुंबईत आणि दुसऱ्याच भाषेत.

ही चाल मुंबईत रुजली, कारण ती वाजवू शकणारी माणसे इथे आधीच होती. वसई आणि साष्टीचा पट्टा १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेला. आज हाटकेश, घोडबंदर, उत्तन ही ठिकाणे ज्या मीरा-भाईंदरमध्ये येतात तो भाग याच साष्टीच्या उत्तर टोकाचा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेईपर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे, इथली चर्चे पोर्तुगीज अमलाखाली होती. उत्तन, डोंगरीपासून वांद्र्यापर्यंतच्या ज्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये ईस्ट इंडियन हे नाव घेतले, त्याच्या लग्नांत व्हायोलिन आणि पितळी वाद्यांचे बँड ही घरचीच गोष्ट. तरी धंदा म्हणून संगीत करणारे बहुतेक वादक आले ते गोव्यातून. तिथे पोर्तुगीज राजवट १९६१ पर्यंत टिकली आणि गावोगावच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवण्याची प्रथा होती. शेती थोडी, नोकऱ्या त्याहून थोड्या. त्यामुळे कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवता येणे हे गोव्यातल्या तरुणाचे हुकमी कसब ठरले. मुंबईत ही मुले आपापल्या गावच्या कुडात राहत. गावकऱ्यांनी चालवलेली ही वसतिगृहे धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांत होती. धोबी तलावलाच १८६५ पासूनचे फुर्तादो यांचे दुकान होते. वाद्ये आणि छापील स्वरलिपी तिथे मिळे.

या वादकांना काम देणारी ठिकाणे म्हणजे हॉटेले, क्लब, जहाजे आणि मूकपटांच्या काळात चित्रपटगृहे. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतून कृष्णवर्णीय जॅझ वादकांचे ताफे आले आणि गोवेकर वादक त्यांच्याकडून जॅझ शिकले. आल्डोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतले सर्वांत गाजलेले. ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँगची छाप असलेले हे वाझ ‘चिक चॉकलेट’ नावाने ओळखले जात. जॅझबरोबर नाचाच्या फर्माइशी आल्या आणि त्यांत रुंबा, सांबा होतेच. युद्धकाळात मुंबई बंदरात अमेरिकन सैनिक उतरले आणि त्यांच्यामागोमाग नव्या रेकॉर्डही आल्या. कार्मेन मिरांडांची गाणी नाचघरात वाजवणाऱ्या वादकांना ‘चिको चिको’ परके वाटण्याचे कारण नव्हते.

मग दोन गोष्टी एका पाठोपाठ घडल्या. १९४७ मध्ये इंग्रज गेले आणि हॉटेलांतला त्यांचा गिऱ्हाईकवर्ग गेला. पुढे मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ आला. दारू बंद झाल्यावर नाचघरांची मिळकत आटली आणि तिच्याबरोबर वादकांची रोजीही. नेमक्या त्याच वेळी चित्रपटांतले वाद्यवृंद मोठे होत होते आणि त्यांना स्वरलिपी वाचणारे हात हवे होते. संध्याकाळी बॉलरूममध्ये वाजवणारा माणूस दिवसा स्टुडिओत बसू लागला. हिंदी चित्रपटसंगीताचा तो सुवर्णकाळ ज्या वाद्यमेळाच्या श्रीमंतीसाठी आठवला जातो, तिच्या मुळाशी एका मोठ्या कारागीरवर्गाची बेकारी आहे. हे कौतुकाच्या भरात सहसा सांगितले जात नाही.

या वादकांना हाताशी धरणारा संगीतकार नगर जिल्ह्यातला होता. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ मध्ये पुणतांब्यात झाला. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी गायनाचे धडे घेतले, नट व्हायचे म्हणून चित्रपटांत आले आणि नटापेक्षा पेटीवाले म्हणून टिकले. मास्टर भगवान यांच्या चित्रपटांनी त्यांना स्वतंत्र संगीतकार केले. फिल्मिस्तानच्या ‘शहनाई’तल्या १९४७ च्या ‘संडे के संडे’ने त्यांनी पाश्चात्त्य ठेक्याची विनोदी गाणी लोकप्रिय करून दाखवली आणि १९४९ च्या ‘पतंगा’तले रंगूनच्या टेलिफोनचे गाणे तर घरोघरी पोचले. गाताना ते ‘चितळकर’ हे आडनाव लावत, संगीत देताना ‘सी. रामचंद्र’.

कामाची रीत ठरलेली होती. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी. गोवेकर सहायक ती ऐकता ऐकता पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवी आणि तिच्यातून प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद तयार करी. चाल कुठे थांबते, गायिका श्वास कुठे घेते आणि त्या मोकळ्या जागेत ट्रम्पेट बोलेल की व्हायोलिनचा जथा, हे त्या कागदांत ठरे. सी. रामचंद्रांकडे हे काम करणाऱ्यांत चिक चॉकलेट आणि जॉनी गोम्स होते. मग वादक, गायक आणि मायक्रोफोन एकाच खोलीत असत. कोणाचाही एक सूर चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

ठेक्याचे काम मुंबईच्या एका पारशी वादकाने सोपे केले होते. कावस लॉर्ड यांनी बाँगो, काँगा, माराकास अशी लॅटिन तालवाद्ये चित्रपटांच्या वाद्यवृंदात रुळवली. पुढे केर्सी आणि बर्जोर या त्यांच्या मुलांनीही तालवाद्यांत नाव कमावले. ही वाद्ये भारतीय कानाला चटकन पटली त्याला तालाचे कारण आहे. हिंदी-मराठी सुगम गाण्यांचा नेहमीचा ताल केरवा. आठ मात्रा, वजन पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. क्युबा आणि आसपासच्या प्रदेशातले अनेक ठेकेही आठाच्याच घरात बसतात. मात्र त्यांची विभागणी तीन, तीन, दोन अशी असते. म्हणजे जोर पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर पडतो. मांडीवर थाप देऊन पाहिले तर फरक लगेच कळतो. केरवा माणसाला डोलायला लावतो आणि तीन-तीन-दोनची चाल कमरेला ओढ लावते. आवर्तनाची लांबी तीच राहत असल्याने तबला आणि बाँगो एकाच गाण्यात नांदू शकतात. सी. रामचंद्रांनी हे नेमके हेरले. परकी चाल घेताना गाणाऱ्या आवाजाची ठेवण मात्र त्यांनी इथलीच ठेवली. लताबाईंचा पातळ, स्वच्छ स्वर आणि अमीरबाईंचा जुन्या वळणाचा भरदार स्वर समोरासमोर आले आणि मिरांडांच्या एकट्या, ठसकेबाज गाण्याचे इथे सवाल-जवाब झाले. पुणतांब्याच्या माणसाला सवाल-जवाबाचा नाद कुठून मिळाला असेल हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

रेकॉर्डवर संगीतकार म्हणून नाव एकट्या सी. रामचंद्रांचे होते. मॅकह्यू आणि अ‍ॅडमसन यांना मुंबईतल्या या यशातून मान मिळाला नाही. परदेशी चाली उचलण्याची ती सर्वमान्य रीत होती, पण रीत होती म्हणून ती न्याय्य ठरत नाही. त्याच मापाने वाद्यमेळ रचणाऱ्या गोवेकरांनाही श्रेय मिळाले नाही. पडद्यावर त्यांची नावे आली तर सहायक म्हणून येत, बहुतेकदा येतच नसत.

‘गोरे गोरे’ किती चालले, याचे उत्तर आकड्यात देता येत नाही. त्या वेळी भारतात गाण्यांची क्रमवारी लावणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. गाणे लाखेच्या, दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर निघे. एका बाजूला तीन मिनिटे आणि थोडे सेकंद, इतकीच जागा. कोलकात्याच्या डमडम कारखान्यात एचएमव्ही कंपनी या तबकड्या काढी. गायकाचे नाव तबकडीवर छापायची पद्धतही नवीच होती. १९४९ च्या ‘महल’मधल्या लताबाईंच्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचे नाव होते. गाणे चालले याच्या खुणा वेगळ्या असत. चित्रपट पंचवीस आठवडे टिकला की रौप्यमहोत्सव, इराण्याच्या हॉटेलात तीच तबकडी दिवसातून अनेकदा लागणे आणि लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी ते स्वतःहून वाजवणे. शेवटची खूण सगळ्यांत पक्की, कारण बँडवाला गिऱ्हाईक ओळखूनच गाणे बसवतो.

‘समाधी’च्या पुढच्याच वर्षी सी. रामचंद्र आणि त्यांची मंडळी ‘अलबेला’साठी एकत्र आली. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव म्हणजे भगवानदादा, नायिका गीता बाली, गीतकार राजेंद्र कृष्ण. ‘शोला जो भड़के’त बाँगो आता गाण्याच्या पार्श्वभूमीला न राहता ऐन दर्शनी आला, पोशाख हवाई बेटांचे होते आणि लताबाईंबरोबर स्वतः चितळकर गायले. चिक चॉकलेट या चित्रपटात आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. स्टुडिओतल्या वादकाचा चेहरा प्रेक्षकाला दिसण्याचा तो विरळा प्रसंग. भगवानदादांची नाचाची पद्धत फार कमी हालचालींची होती. खांदे किंचित हलवायचे, हात कोपरात वाकवून पुढे धरायचे आणि लहान लहान पावले टाकायची. नृत्य न शिकलेल्या माणसालाही ते जमे, म्हणून ते गणपतीच्या मिरवणुकीत उतरले आणि तिथेच राहिले. ‘अलबेला’ने भगवानदादांना अमाप पैसा दिला, पुढच्या चित्रपटांनी तो नेला आणि अखेरचा काळ त्यांनी दादरमध्ये साधेपणाने काढला. २००२ मध्ये ते गेले. त्यांच्या आयुष्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट २०१६ मध्ये आला. त्यात मंगेश देसाई भगवानदादा झाले होते आणि विद्या बालन गीता बाली.

गाण्यांची क्रमवारी सुरू झाली ती ‘अलबेला’च्या पाठोपाठ, आणि तिच्या जन्मामागेही एक मराठी माणूस आहे, तो विरोधक म्हणून. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीते उथळ आहेत आणि नभोवाणीने शास्त्रीय संगीत वाढवावे अशी त्यांची ठाम भूमिका होती. आकाशवाणीवरची चित्रपटगीते आक्रसली आणि निर्मात्यांशी झालेल्या वादात काही काळ जवळजवळ नाहीशी झाली. शास्त्रीय कलावंतांना त्या काळात जो आधार मिळाला तो केसकरांच्या बाजूने नोंदवायलाच हवा, पण चित्रपटगीतांचा श्रोता काही शास्त्रीय संगीताकडे वळला नाही. त्याने रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन गाठले. रेडिओ सिलोनकडे महायुद्धातले, दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडचे ताकदवान लघुलहरी प्रक्षेपक होते. कोलंबोहून सोडलेला आवाज उत्तर भारतापर्यंत पोचे.

३ डिसेंबर १९५२ रोजी तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. प्रायोजक सिबा कंपनीची बिनाका टूथपेस्ट, निवेदक मुंबईचे एकोणीस वर्षांचे अमीन सयानी. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. सुरुवातीला अर्ध्या तासात सात गाणी वाजत आणि श्रोत्यांनी लोकप्रियतेनुसार त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. सयानी सांगत त्याप्रमाणे पहिल्याच भागाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे आठवड्याची पत्रे पासष्ट हजारांवर गेली. पत्रांचा हा ढीग आवरेना, तेव्हा १९५४ च्या अखेरीस कार्यक्रम तासाभराचा झाला आणि देशभरच्या रेकॉर्ड विक्रेत्यांकडून खपाची माहिती मागवून क्रमवारी लावली जाऊ लागली. पुढे श्रोता संघांची मतेही जमेस धरली गेली. बुधवारी रात्री आठ ते नऊ हा तास लाखो घरांत राखीव झाला. गाणे ‘पायदान’ चढे किंवा उतरे आणि वरच्या जागेवर गेले की बिगूल वाजे.

१९५३ चे सर्वांत लोकप्रिय गाणे म्हणून गीतमालेत मान मिळाला तो ‘अनारकली’तल्या ‘ये ज़िंदगी उसी की है’ला. संगीतकार पुन्हा सी. रामचंद्र, आवाज पुन्हा लताबाईंचा. पण ते गाणे भीमपलासाच्या वळणाचे, संथ आणि बाँगोपासून कोसो दूर. ‘गोरे गोरे’ आणि ‘शोला जो भड़के’ यांना मात्र ही मोजणी दोन वर्षे आणि एक वर्ष उशिरा आली. क्रमवारीच्या इतिहासात त्यांना जागा नाही, आणि केवळ याद्या पाहून त्या दशकाचे संगीत समजून घेणाऱ्याला मुंबईतल्या लॅटिन ठेक्याची सुरुवात दिसणारच नाही.

लॅटिन चाली त्यानंतरही येत राहिल्या. १९५४ च्या ‘आर पार’मध्ये ओ. पी. नय्यर यांनी गीता दत्त यांच्याकडून गाऊन घेतलेले ‘बाबूजी धीरे चलना’ क्युबाच्या ओस्वाल्दो फार्रेस यांच्या १९४७ मधल्या ‘किसास, किसास, किसास’वर उभे आहे. १९६४ मध्ये तर ‘चा चा चा’ याच नावाचा चित्रपट आला. बोलिव्हियाच्या लोस कार्कास या गटाच्या गाण्यावरून काओमा गटाने १९८९ मध्ये ‘लांबाडा’ केले, ते युरोपभर गाजले आणि वर्षभरात ‘घायल’मध्ये बप्पी लाहिरींच्या संगीतात मुंबईला पोचले. पूर्वी जो प्रवास पाच वर्षे घेई तो आता एका वर्षाचा झाला होता. लुईस फोन्सी आणि डॅडी यँकी यांच्या २०१७ च्या ‘देस्पासितो’ला तर रूपांतराचीही गरज उरली नाही. ते स्पॅनिशमध्येच भारतातल्या फोनवर वाजले. खुद्द पोर्तो रिकोच्या या गाण्याची जस्टिन बीबर यांच्यासहची आवृत्ती ‘बिलबोर्ड’च्या हॉट १०० यादीत सोळा आठवडे पहिली राहिली आणि १९९६ च्या ‘माकारेना’नंतर त्या जागी पोचलेले ते पहिले स्पॅनिश गाणे ठरले. त्याच्या ठेक्याचे वजनही तीन, तीन, दोन असेच पडते.

सी. रामचंद्रांनी १९५७ च्या ‘आशा’त ‘ईना मीना डीका’ देऊन रॉक अँड रोलही इथे आणले, १९६३ मध्ये ‘ऐ मेरे वतन के लोगो’ला चाल दिली आणि १९७० च्या ‘घरकुल’साठी मराठी गाणी केली. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत आहे. १९८२ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. चिक चॉकलेट १९६७ मध्येच गेले होते. त्यांच्यासारख्या वादकांचे काम सविस्तर लिहिले गेले ते फार उशिरा. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक काढले आणि नरेश फर्नांडिस यांचा मुंबईच्या जॅझवरचा ‘ताजमहल फॉक्सट्रॉट’ हा ग्रंथ २०१२ मध्ये आला. तोवर ‘गोरे गोरे’च्या काळातले बहुतेक वादक हयात नव्हते.